आईची काळजी घेणाऱ्या डॉक्टरांबद्दल हॉस्पिटलला पत्र लिहायचं आहे, काय लिहू?

मृण्मयी_

नमस्कार मंडळी. एका पत्रासाठी तुमची मदत हवी आहे आणि त्यानिमित्ताने तुमचे अनुभवही ऐकायचे आहेत.

आई ऐंशीच्या घरातली. पाय घसरून पडली आणि खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन चांगलं झालं, आता वॉकर घेऊन घरभर फिरते. पण हा धागा ऑपरेशननंतर वॉर्डात जे घडलं त्याबद्दल आहे.

ऑपरेशननंतर एक-दोन रात्रींतच आई बदलली. सलाईनची नळी ओढायला लागली. कोपऱ्यात माणसं उभी आहेत म्हणाली. मला मावशीच्या नावाने हाका मारायला लागली. आणि दिवसा अगदी उलट, नुसती गुंगीत पडून, हाक मारली तरी डोळे उघडायची नाही. जी बाई आजही घराचा सगळा हिशोब तोंडी करते, तिला असं वातात बरळताना बघून माझे हातपाय गळाले. ज्याला विचारावं तो म्हणे, वय झालंय, असं होतंच, येतील ताळ्यावर. हात बांधून ठेवायचं का, असंही एकाने विचारलं. मी नाही म्हटलं.

बीपी वरखाली होत होतं म्हणून फिजिशियनना बोलावणं गेलं होतं. संध्याकाळी उशिरा एक तरुण डॉक्टर आले. केस पेपर वाचला, आणि मग उभ्या उभ्या न बोलता स्टूल ओढून आईच्या तोंडासमोर बसले. दिवा त्यांच्या चेहऱ्यावर पडेल असे बसले, हे मला नंतर लक्षात आलं. स्वतःचं नाव सांगितलं, कशासाठी आलोय ते सांगितलं. आई काहीच बोलली नाही. मग माझ्याकडे वळून विचारलं, "या एरवी कशा असतात?"

तोवर हे कोणीच विचारलं नव्हतं. मी सांगितलं: पेपर पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचते, बोलायला खणखणीत आहे, फक्त ऐकू कमी येतं, कानाला मशीन लावते.

"मशीन कुठंय?"

ऑपरेशनला नेताना काढून पिशवीत ठेवलं होतं, पिशवी लॉकरमध्ये. त्यांनी ते मागून घेतलं, बॅटरी चालू आहे का पाहिली आणि स्वतः तिच्या कानात बसवलं. नीट बसलं नाही की ते मशीन शिट्टी मारतं, तशी मारली. त्यांनी काढलं, तिचे केस मागे सारले, पुन्हा बसवलं. शिट्टी थांबली. मग चष्मा पुसून तिच्या डोळ्यांवर चढवला आणि पुन्हा पहिल्यापासून आपलं नाव सांगितलं. या वेळी आईने त्यांच्याकडे पाहिलं.

"आजी, वर्षाचे महिने उलटे म्हणता का? डिसेंबरपासून मागे यायचं." आई डिसेंबर म्हणाली, नोव्हेंबर म्हणाली आणि अडकली. डॉक्टर थांबले. मी पुढचा महिना सुचवायला तोंड उघडलं तर हाताने मला खुणावलं, थांबा. बराच वेळ वाट पाहून मग "बरं, असू दे" म्हणाले.

नंतर तिला सांगून तिच्या ओटीपोटावर हात ठेवला, तशी ती कळवळली. लघवीची नळी सकाळी काढली होती. त्यानंतर लघवी झाली का, याची नोंद कुठेच नव्हती. त्यांनी सिस्टरना बोलावून मशीनने तपासायला लावलं. मूत्राशय तुडुंब भरलेलं होतं. तिला ते सांगता येत नव्हतं, म्हणून ती नळ्या ओढत होती, उठायला बघत होती.

सिस्टरनी पुन्हा नळी घातली. डॉक्टरांनी झोपेसाठी सुरू केलेली एक गोळी बंद केली, म्हाताऱ्या माणसांत तिने गोंधळ वाढतो म्हणाले. वेदनेचं औषध "मागितलं तर द्या" असं लिहिलेलं होतं, ते खोडून ठरलेल्या वेळांना द्या असं लिहिलं. "यांना आत्ता मागताच येणार नाही," एवढंच म्हणाले. पोट साफ होतंय का विचारलं, रक्ताच्या तपासण्या लिहिल्या.

आणि हे सगळं मला बाहेर नेऊन नाही, तिच्यासमोर, तिलाही ऐकू जाईल असं सांगितलं. याला डिलिरियम म्हणतात, हे वेड नाही, कारणं शोधून दूर केली की बहुतेकांत उतरतं, कधी कधी पूर्ण उतरायला आठवडेही लागतात. रात्री दिवे मंद ठेवा, घड्याळ तिला दिसेल असं ठेवा, सकाळी पडदे उघडा. कोपऱ्यातल्या माणसांवरून वाद घालू नका आणि हो-ला हो पण करू नका. "मला कोणी दिसत नाही, पण मी इथेच आहे" असं म्हणा. त्या रात्री मी ते वाक्य किती वेळा म्हटलं असेन! आणि दर वेळी ती थोडी शांत व्हायची.

दुसऱ्या दिवशी ओपीडी सुरू होण्याआधी ते पुन्हा आले. कोणी बोलावलं नव्हतं. पुन्हा महिने. आई जुलैपर्यंत आली. डिस्चार्ज मिळेपर्यंत ती न अडखळता जानेवारी गाठत होती आणि "आता पुन्हा विचारू नका, पाठ झालेत" असं त्यांनाच सुनावत होती.

भाऊ म्हणतो, एखादी भेटवस्तू दे आणि पाया पड. मला ते पुरेसं वाटत नाही. त्यांनी काय केलं हे कुठेतरी लिहिलेलं राहावं असं मनापासून वाटतं. तर:

अशा पत्राचा खरंच उपयोग होतो का, आणि कोणाच्या नावे लिहायचं? त्यात काय असावं म्हणजे ते वाचून बाजूला पडणार नाही? आणि दुसरं, जे मला जास्त छळतंय: असं लक्ष देणं शिकवता येतं का, की तो माणसाचा स्वभावच असावा लागतो? तुम्हाला कोणी असे डॉक्टर भेटले असतील तर त्यांनी नेमकं काय केलं ते सांगा.

---

वाटसरू

मृण्मयी, आईंना उदंड आयुष्य लाभो. मशीनच्या शिट्टीपाशी मी वाचायचा थांबलो आणि माझा आयसीयू आठवला.

न्यूमोनिया बळावला आणि मला व्हेंटिलेटरवर ठेवलं. शुद्ध आली तेव्हा घशात नळी. आवाज फुटत नाही, हात सुजलेले, पेन धरता येत नाही. त्या अवस्थेत माणूस सगळं ऐकत असतो आणि लोक त्याच्या डोक्यावरून एकमेकांशी बोलत असतात. तिथल्या एक डॉक्टर मॅडम मात्र माझ्याशी बोलायच्या. अक्षरांचा तक्ता होता तो इंग्रजी, आणि मी विचार मराठीत करतो. त्यांनी कागदावर स्केचपेनने क-ख-ग-घ च्या ओळी काढल्या. त्या ओळीवर बोट ठेवायच्या, बरोबर असेल तर मी डोळे मिटायचे. मग त्या ओळीतलं एकेक अक्षर.

मी पहिला शब्द जुळवला तो "कान". त्यांना वाटलं ऐकू येत नाही. मी डोळे मिटेना. मग त्यांनी खाली वाकून पाहिलं. नळी बांधलेल्या पट्टीखाली माझा डावा कान दुमडून दबला होता, किती वेळ कोण जाणे. त्यांनी पट्टी सैल केली, कान सरळ केला, बोटांनी जरा चोळला. इतक्या मोठ्या दुखण्यात मला सगळ्यात जास्त सलत होता तो कान. त्यानंतर राउंडला आल्या की मॉनिटर बघायच्या आधी त्या माझे दोन्ही कान बघायच्या.

नळीतून कफ ओढायचा असला की आधी सांगायच्या, "आता खोकला येईल, गुदमरल्यासारखं वाटेल, मी दहा म्हणेपर्यंत संपेल," आणि मोठ्याने आकडे मोजायच्या. गुदमरायला तेवढंच व्हायचं, पण शेवट कधी आहे हे माहीत असायचं. ज्यांनी हे भोगलं नाही त्यांना त्या आकड्यांची किंमत कळणार नाही.

पत्र लिहाच. मी लिहिलं होतं, आणि तक्त्याची गोष्ट त्यात सविस्तर घातली होती. तपासणीला गेलो तेव्हा आयसीयूत प्लॅस्टिकमध्ये घातलेला छापील मराठी तक्ता पाहिला.

---

शुभदा (निवृत्त परिचारिका)

मृण्मयी, बाळा, लिही. उपयोग होतो. माझं सगळं आयुष्य वॉर्डात गेलं, तक्रारीचे कागद गठ्ठ्याने येतात आणि कौतुकाचे कधीतरी. आलेलं कौतुकाचं पत्र नोटीस बोर्डावर लागतं, माणसं ड्युटी संपल्यावर उभं राहून वाचतात.

पत्र वैद्यकीय अधीक्षकांच्या नावे लिही. एक प्रत विभागप्रमुखांना आणि एक त्या डॉक्टरांना. आईचा नोंदणी क्रमांक, वॉर्ड, तारीख, साधारण वेळ घाल, म्हणजे त्यांना कागद काढून पाहता येतात. "खूप प्रेमळ आहेत" हे एका ओळीत संपव. बाकी पानभर, इथे लिहिलंस तसंच, एकामागून एक काय केलं ते लिही. महिने विचारण्याचं तर नक्की लिही. तो गंमतीचा प्रश्न नाही, लक्ष टिकतंय का हे पाहायची ती रीतसर तपासणी आहे. दुसऱ्या दिवशी पुन्हा विचारून त्यांनी फरक मोजला.

आणि कान-डोळ्यांचं म्हणशील, तर त्याला मोठा आधार आहे. शेरॉन इनूये नावाच्या अमेरिकेतल्या वृद्धवैद्यक तज्ज्ञ आहेत. 1999 साली त्यांच्या गटाने 852 वयस्क रुग्णांवरचा अभ्यास प्रसिद्ध केला. रुग्णाला वेळ-स्थळाचं भान देत राहणं, शांत झोप, लवकर चालवणं, चष्मा, कानाचं मशीन, पुरेसं पाणी, एवढ्याच गोष्टी नेमाने केल्या. नेहमीच्या पद्धतीत 15 टक्के रुग्णांना डिलिरियम झाला, या पद्धतीत 9.9 टक्क्यांना. यात महागडं काही नाही बघ. पण कोणीतरी पिशवीतून मशीन काढावं लागतं.

एक सांगते, राग मानू नकोस. नळी घालणाऱ्या, रात्रभर वेळेवर औषध देणाऱ्या सिस्टरचाही उल्लेख कर. नाव आठवत नसेल तर तारीख आणि पाळी लिही, त्यांना सापडेल. डॉक्टरांनी कागदावर लिहिलं ते रात्री तीन वाजता कोणीतरी केलं म्हणून आई सावरली.

आईच्या आजाराचे तपशील मात्र पत्रातच ठेव, नावानिशी कुठे जाहीर लिहू नकोस.

---

काजळरेघ

मला स्तनाचा कर्करोग आहे हे ज्या डॉक्टरांनी सांगितलं, त्यांच्याबद्दल लिहिते. वेळ असेल तरच हे जमतं असं लोक म्हणतात. त्यांच्याकडे वेळ नव्हता. बाहेर बाकं भरली होती.

त्यांनी फोन बंद करून खणात टाकला. सोबत कोणी आहे का विचारलं, नवऱ्याला आत बोलावून घेतलं. "तुम्हाला आत्तापर्यंत काय सांगितलंय? तुम्हाला स्वतःला काय वाटतंय?" हे आधी विचारलं. मग म्हणाल्या, "रिपोर्ट आपल्याला हवा होता तसा नाही." आणि दोन क्षण थांबून, "हा कर्करोग आहे."

पुढे त्या गप्प बसल्या. मी रडले, नवरा टेबलाची कड धरून बसला आणि त्या गप्प होत्या. कागद चाळले नाहीत, घड्याळ पाहिलं नाही. मीच बोलले, "मुलीला काय सांगू?" त्यांनी पहिलं उत्तर या प्रश्नाचं दिलं. उपचारांचं त्यानंतर. मुलीचं वय विचारलं, खरं सांगा म्हणाल्या, साध्या शब्दांत, आणि तिच्यामुळे हे झालेलं नाही हे आवर्जून सांगा. लहान मुलं तसं समजून बसतात.

मग कागदाच्या पाठीमागे चित्र काढलं, गाठ कुठे आहे, काखेतल्या गाठी कुठे, आधी काय आणि नंतर काय. तो कागद मला दिला. "आज यातलं फार थोडं लक्षात राहील, म्हणून घेऊन जा, प्रश्न यावरच लिहा, परवा या." "सगळं ठीक होईल" असं त्या एकदाही म्हणाल्या नाहीत. त्या वेळी मला ते ऐकायचं होतं. आज त्या म्हणाल्या नाहीत म्हणूनच त्यांच्या प्रत्येक शब्दावर माझा विश्वास आहे.

उपचार संपले, आता नियमित तपासण्या चालू आहेत.

---

निवासी_डॉक्टर

मृण्मयीताई, तुमच्या दुसऱ्या प्रश्नासाठी लिहितोय. मी मेडिसिनचा निवासी डॉक्टर आहे.

शिकवता येतं. काजळरेघ यांनी जे सांगितलं त्याची पावलं ठरलेली आहेत: निवांत जागा, रुग्णाला काय माहीत आहे ते विचारणं, किती जाणून घ्यायचंय ते विचारणं, मग सांगणं, भावनांना जागा देणं, पुढचं ठरवणं. ‘स्पाइक्स’ या नावाने 2000 साली ही सहा पावलं प्रसिद्ध झाली, कर्करोगाच्या डॉक्टरांसाठीच. पावलं पाठ असली म्हणून प्रत्येकाला त्यांच्या डॉक्टरांसारखं गप्प बसता येतं असं नाही, हेही खरं. पण पावलं माहीत असलेला सामान्य डॉक्टर, माहीत नसलेल्या प्रेमळ डॉक्टरपेक्षा रुग्णाला कमी दुखावतो, असं मी जवळून पाहिलंय.

वेळेचंही सांगतो. 1984 मध्ये बेकमन आणि फ्रँकेल यांनी 74 भेटींचं ध्वनिमुद्रण तपासलं. रुग्ण बोलायला लागल्यावर सरासरी 18 सेकंदांत डॉक्टर त्याला अडवत होते. जेमतेम 23 टक्के भेटींत रुग्णाला पहिलं बोलणं पुरं करता आलं. मग 2002 मध्ये स्वित्झर्लंडमधल्या गटाने उलटा प्रश्न विचारला: अडवलंच नाही तर रुग्ण किती बोलतो? 335 रुग्ण होते, सरासरी निघाली 92 सेकंद. दीड मिनिट! आमच्या मॅडमनी हे आम्हाला पहिल्याच महिन्यात सांगितलं होतं, आणि राउंडला आमच्यापैकी कोणी रुग्णाचं बोलणं तोडलं की त्या नुसत्या बघायच्या.

आणि याचा परिणाम फक्त "बरं वाटलं" एवढाच नसतो. भूलतज्ज्ञांचा 1964 चा एक जुना अभ्यास आहे. पोटाच्या ऑपरेशनआधी रुग्णापाशी जाऊन दुखेल कुठे, किती वेळ, स्नायू सैल कसे सोडायचे, हे नीट समजावलं आणि नंतरही भेटत राहिले. त्या रुग्णांना अफूवर्गातली वेदनाशामकं जवळजवळ निम्मीच लागली आणि ते सरासरी 2.7 दिवस आधी घरी गेले.

एक विनंती. तुमच्या डॉक्टरांनी जे केलं ते त्यांच्या ड्युटीनंतर उशिरा केलं असणार. ते त्या संध्याकाळी आले नसते तर? रात्रपाळीत एका सिस्टरकडे किती रुग्ण असतात हे शुभदाताईंना माहीत आहे. चांगला डॉक्टर वाट्याला येण्यावर तुमच्या आईचं बरं होणं अवलंबून असू नये. म्हणून पत्राच्या शेवटी मागणी घाला: वयस्क रुग्ण ऑपरेशनहून परत आला की चष्मा आणि कानाचं मशीन लावलंय का, नळी काढल्यावर लघवी झाली का, याचे रकाने वॉर्डाच्या तक्त्यात असावेत. नातेवाईकाने लेखी मागितलं की बैठकीत विषय निघतो. आम्ही कनिष्ठांनी मागितलं की तितका निघत नाही.

---

मृण्मयी_

सगळ्यांचे मनापासून आभार. वाटसरू, तुमचा कान वाचून मी आधी आईचा कान पाहून आले. काजळरेघ, तुमच्या मुलीला माझे आशीर्वाद.

शुभदाताई आणि निवासी_डॉक्टर, तुमच्या सांगण्याप्रमाणे पत्र पुन्हा लिहिलं. शेवटचा भाग इथे देते, काही चुकत असेल तर सांगा:

"त्या रात्रपाळीला असलेल्या सिस्टरनी दर वेळी आईला नावाने हाक मारून, काय करणार आहेत ते सांगून औषध दिलं. त्यांचं नाव मला कळलं नाही, पाळीची तारीख वर दिली आहे, कृपया हे त्यांच्यापर्यंत पोचवावं. माझी एक विनंती आहे. वयस्क रुग्ण शस्त्रक्रियेनंतर वॉर्डात आला की त्याचा चष्मा व श्रवणयंत्र लावलं आहे का, लघवीची नळी काढल्यानंतर किती वेळात लघवी झाली, आणि तो एरवी कसा असतो हे नातेवाईकांना विचारलं का, याची नोंद करण्याची जागा तक्त्यात असावी. माझ्या आईच्या बाबतीत या प्रश्नांची उत्तरं शोधणारे डॉक्टर आले. ज्यांच्याकडे ते येऊ शकणार नाहीत त्यांच्यासाठी ही विनंती आहे."

आईला वाचून दाखवलं. तिने "तुडुंब" शब्द काढायला लावला, बाकी मान्य केलं आणि खाली स्वतःही सही करणार म्हणाली. पुढच्या आठवड्यात एक्स-रेसाठी जायचंच आहे, तेव्हा अधीक्षकांच्या कार्यालयात देऊन पोच घेते. डॉक्टरांची प्रत तिला स्वतः द्यायची आहे.

---

शुभदा (निवृत्त परिचारिका)

छान झालंय. पोच घेताना आवक क्रमांक आणि शिक्का आठवणीने घे. महिन्याभरात उत्तर नाही आलं तर तोच क्रमांक देऊन स्मरणपत्र पाठव.